पणजोबांच्या ट्रंकेत नाटकांची हस्तपत्रकं सापडली: साल कसं काढायचं, आणि जपायची कशी?

कृष्णाकाठची_मेघा (सांगली)

नमस्कार मंडळी. आमच्या जुन्या घराचं आवरणं चाललं आहे. माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत पणजोबांचे कागद निघाले. २०१९ च्या पुरात खालच्या खोल्यांतलं सगळं गेलं, ही ट्रंक माडीवर होती म्हणून वाचली. पणजोबा नाटकवेडे होते एवढं आजीकडून ऐकलं होतं, पण इतके असतील असं वाटलं नव्हतं.

आत तीन प्रकारचा माल आहे. एक, संगीत नाटकांची हस्तपत्रकं. पातळ, गुलाबी आणि पिवळ्या कागदावर छापलेली. दोन, नाटकातल्या पदांच्या छोट्या पुस्तिका. त्यांच्या पानांवर पेन्सिलीनं काही खुणा केल्या आहेत. तीन, लाल रुमालात बांधलेले मोडीतले कागद. ते आम्हाला कोणालाच वाचता येत नाहीत.

एका हस्तपत्रकाबद्दल मुद्दाम विचारते. वरचा भाग फाटलाय, त्यामुळे कंपनीचं नाव गेलं. खाली ‘संगीत मानापमान’ आणि ‘शनिवार ता. १४ मार्च, फाल्गुन व. ४, रात्रौ ९ वाजतां’ असं आहे. साल कुठेच नाही. मग दर: खुर्ची २ रु., बाक १ रु., पिट ८ आणे, आणि ‘स्त्रियांकरितां बसण्याची स्वतंत्र व्यवस्था’. साल काढता येईल का?

दुसरं म्हणजे, काका म्हणतात सगळं लॅमिनेट करून टाकू. एक जुनी पुस्तकं घेणारे गृहस्थ येऊन गेले. त्यांना फक्त हस्तपत्रकं हवी आहेत, पुस्तिकांवर रेघोट्या आहेत म्हणून त्या नकोत म्हणाले. आणि न्यू जर्सीचा चुलतभाऊ मोडीचे कागद फ्रेम करायला मागतोय. काय करावं?

ठाण्याची_वाचक

लॅमिनेशन अजिबात नको! उष्णतेनं प्लास्टिक कागदाला एकदा चिकटलं की ते परत काढता येत नाही, आणि आतला कागद खराब होत राहतो तो राहतोच. सेलोटेपही नको. काही वर्षांनी टेप गळून पडते आणि पिवळा चिकट पट्टा मागे राहतो. काकांना तेवढं थांबवा, बाकीचं सावकाश ठरवता येईल.

जुळारी (पुणे)

मेघाताई, माझी हयात छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईचे टाइप, जुळवण्यात गेली आणि निवृत्तीनंतर मी नाटकांचे असेच कागद गोळा करतो. तुमचं लिहिणं वाचून रात्री झोप आली नाही. जरा सविस्तर लिहितो.

आधी साल. ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं १९११ च्या मार्चमध्ये, किर्लोस्कर नाटक मंडळीकडून. म्हणजे त्याआधीची वर्षं बाद. त्यानंतर १९५० पर्यंत १४ मार्चला शनिवार आला तो १९१४, १९२५, १९३१, १९३६ आणि १९४२ साली. वार आणि तारीख एवढंच असतं तर इथेच अडलो असतो. पण छापणाऱ्यानं तिथी घातली आहे, आणि तिथी फार उपयोगी पडते. १९१४ साली १४ मार्चला फाल्गुनी पौर्णिमेला जेमतेम दोन दिवस झाले होते. १९३१ साली त्या दिवशी दशमीच्या आसपासची तिथी होती, १९३६ साली षष्ठीच्या आसपासची, १९४२ साली एकादशीही उलटत आली होती. १९२५ साली पौर्णिमा १० मार्चला संध्याकाळी संपली, म्हणून १४ ला वद्य चतुर्थी. तुमचं हस्तपत्रक १९२५ चं आहे. पाडवा अजून यायचा होता, त्यामुळे शके १८४६. मोठ्या ग्रंथसंग्रहालयात त्या वर्षाचं पंचांग मिळालं तर एकदा पडताळून घ्या.

कंपनीचं नाव मात्र नाटकावरून ठरवू नका. १९१३ साली बालगंधर्व किर्लोस्करमधून बाहेर पडले, त्यानंतर त्यांची गंधर्व नाटक मंडळीही हे नाटक करत होती. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांचा, ‘ललितकलादर्श’ कंपनीच्या केशवराव भोसल्यांबरोबरचा संयुक्त प्रयोग झाला तो याच नाटकाचा. तेव्हा फाटलेल्या जागी आपल्या मनातलं नाव बसवू नये. त्यापेक्षा कागदाची अगदी तळाची ओळ बघा. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर आणि कागदावर मुद्रकाचं नाव व छपाईचं ठिकाण घालणं बंधनकारक होतं. हस्तपत्रकावर ही ओळ सगळ्यांत बारीक टाइपात असते आणि घडीत जाते, त्यामुळे लोकांच्या नजरेतून सुटते. हस्तपत्रकं बहुधा प्रयोगाच्या गावीच छापून घेत, म्हणून छापखान्याचं गाव कळलं की प्रयोगाचं गाव बहुतेक कळतं. मग त्या आठवड्याची वर्तमानपत्रं चाळायची. नाटकाच्या जाहिराती तिथे सापडतात आणि कंपनीचं नावही.

आता ज्याच्यासाठी मी एवढं लिहितोय ते. त्या गृहस्थांना नुसती हस्तपत्रकं देऊ नका. कोणालाच देऊ नका असं मी म्हणत नाही, तो तुमचा घरचा प्रश्न आहे. पण द्याल तेव्हा सगळं एकत्र द्या. मुळात हस्तपत्रक टिकतच नाही. ते प्रयोगाच्या दिवशी वाटायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यात चणे बांधायचे. ग्रंथालयांनी पुस्तकं जमवली, ही चिठोरी कोण जमवणार? दाते यांची मराठी ग्रंथसूची १८०० ते १९३७ पर्यंतच्या छापील मराठी पुस्तकांची नोंद देते. माझ्या टेबलावर ती कायम असते आणि त्या माणसाच्या कष्टांपुढे मी रोज हात जोडतो. पण ती सूची ग्रंथांची आहे, हस्तपत्रकं तिच्यात कुठून येणार? खुर्चीला दोन रुपये आणि पिटाला, म्हणजे सर्वांत स्वस्त जागेला, आठ आणे म्हणजे चौपट फरक. कोण कुठे बसत होतं, बायका नाटकाला येत होत्या का, आल्या तर कुठे बसत होत्या, हे असल्या कागदांवरूनच कळतं.

आणि पुस्तिकांवरच्या ‘रेघोट्या’! ताई, त्या खुणा नीट बघून इथे लिहा. पदांची पुस्तिका थिएटरात विकत मिळे आणि लोक ती मांडीवर उघडून बसत. पेन्सिलीची खूण बसल्या जागी केलेली असण्याचा संभव आहे. कोऱ्या पुस्तिका मी पुष्कळ पाहिल्यात. खुणा असलेली हाती येणं फार दुर्मीळ. खोडरबर तिच्या जवळपासही येऊ देऊ नका.

कुठल्याही कागदाची जागा हलवण्याआधी फोटो काढा. कशाखाली काय होतं, कोणती पुस्तिका कोणत्या हस्तपत्रकाला लागून होती, ते वहीत लिहा. नंतर स्कॅन, दोन्ही बाजूंनी, मागची बाजू कोरी असली तरी. रंगीत कागदाला पाणी लावू नका, रंग फुटतो. घड्या काढायला इस्त्री फिरवू नका. गंजलेली टाचणी ओढून काढू नका, कागद तिच्याबरोबर फाटतो.

कृष्णाकाठची_मेघा

जुळारीकाका, काय लिहू कळत नाही. आईला सगळं वाचून दाखवलं.

भिंग घेऊन बसले. तळाला छापखान्याचं नाव अर्धंच दिसतंय, पण पुढे ‘सांगली’ स्पष्ट आहे. म्हणजे प्रयोग बहुधा इथलाच!

आणि पुस्तिका. ‘मानापमान’च्या पदांची पुस्तिका त्याच हस्तपत्रकात गुंडाळलेली होती. सुदैवानं आधीच फोटो काढला होता. पुस्तिकेच्या वेष्टणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं ‘१४।३’ लिहिलंय. आत काही पदांच्या डोक्यावर ‘व. मो.’ आणि त्यापुढे उभ्या रेघा. कुठे एक, कुठे दोन, एका पदावर चार. आई म्हणते हे वन्समोअर. एका पदावर काट मारून बाजूला ‘गाळलें’ लिहिलंय. शेवटच्या पानावर ‘२।।। वा.’ आहे, म्हणजे पावणेतीन वाजले असावेत ना?

जुळारी (पुणे)

हो, पावणेतीन. रात्री नऊला सुरू झालेलं नाटक पहाटे पावणेतीनला संपलं, आणि कोणत्या पदाला सांगलीकरांनी चारदा वन्समोअर घेतला ते तुमच्या पणजोबांनी मांडून ठेवलंय. ताई, हे दोन कागद आता एकमेकांपासून दूर करू नका. हस्तपत्रकामुळे पुस्तिकेला साल मिळालं आणि पुस्तिकेमुळे हस्तपत्रकाला ती रात्र मिळाली. गृहस्थांनी एक नेऊन दुसरं टाकलं असतं तर दोन्ही मुकी झाली असती. बाकीच्या पुस्तिकांची वेष्टणंही आतून बघा. माणूस एकदा तारीख घालायला लागला की प्रत्येक वेळी घालतो.

बखरवाला (धुळे)

मोडीच्या कागदांबद्दल दोन शब्द.

तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण ट्रंकेतला सर्वांत जुना माल बहुधा सर्वांत धड असेल. जुने मोडीचे कागद बहुधा हाताने केलेल्या, चिंध्यांच्या लगद्याच्या कागदावर असतात, आणि काजळीची शाई उडत नाही. याउलट १९२५ चं हस्तपत्रक म्हणजे लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद. त्याला घट्टपणा यावा म्हणून तुरटी आणि राळ घालत, त्यातून आम्लता वाढते आणि घडीवर तुकडे पडतात. म्हणून लक्ष आधी हस्तपत्रकांकडे द्या. ती उघडून सपाट ठेवा, मध्ये आम्लविरहित कागद घाला. वर्तमानपत्र घालू नका. मोडीचा रुमाल आहे तसा राहू द्या. तो कुजला असेल तर मांजरपाट दोनदा धुऊन, त्यातली खळ काढून, वाळवून त्यात बांधा. काजळीची शाई पक्की असली तरी पाण्यानं पसरते, हे लक्षात असू द्या. कसर लागू नये म्हणून पुरचुंडीत वेखंड ठेवतात, तेही कागदाला न टेकेल असं. ट्रंक पत्र्याची आहे, पावसाळ्यात आत दमट राहील. सिलिका जेलच्या पुड्या ठेवून अधूनमधून बदला.

चुलतभावाला मात्र स्पष्ट सांगावं लागेल. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाची हस्तलिखितं आणि दस्तऐवज येतात. ते खासगी माणसाला परदेशी नेता येत नाहीत, बॅगेत घालून तर मुळीच नाही. त्यांना उत्तम स्कॅनची प्रत काढून द्या आणि ती फ्रेम करू द्या. तशीही भिंतीवर उन्हात अस्सल कागद लावू नये.

पहिल्या दोन-तीन कागदांचे फोटो इथे टाकलेत तर वाचून सांगतो. घरगुती रुमालात बहुतेक कर्जरोखे, जमिनीच्या पावत्या, देवस्थानाचे हिशेब असतात, पण त्यांतूनही कुळाचा, गावाचा पुष्कळ तपशील निघतो. फोटो दिवसा खिडकीशी काढा, फ्लॅश नको. कागदाच्या कडा फोटोत येऊ द्या, मायना किंवा तारीख कडेला असू शकते.

कृष्णाकाठची_मेघा

भावाशी बोलले. तो स्कॅनवर खूश आहे, उलट स्कॅनरचा खर्च मी देतो म्हणाला. काकांनी लॅमिनेशनचा नाद सोडला. गृहस्थांना फोन करून नाही म्हटलं.

जुळारीकाका, तुमचं खरं ठरलं. आणखी दोन पुस्तिकांत आतल्या बाजूला तारखा आहेत, पण त्यांच्या जोडीची हस्तपत्रकं अजून सापडली नाहीत. ट्रंकेच्या तळाशी एकमेकांना चिकटलेला गुलाबी कागदांचा गठ्ठा आहे, त्याला अजून हात लावलेला नाही. तो कसा सोडवायचा?

जुळारी (पुणे)

सोडवू नका! तसाच्या तसा जाड पुठ्ठ्यावर सरकवून घ्या आणि कोरड्या जागी ठेवा. ते काम कागद-संवर्धन शिकलेल्या माणसाचं आहे, तुमचं-माझं नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा तुमच्या जवळच्या मोठ्या जुन्या ग्रंथालयात विचारा, असं काम करणाऱ्यांचा पत्ता तिथे लागतो. तोवर त्या दोन तारखा वारासकट इथे लिहा. तिथी नसली तरी नाटकाच्या नावावरून कुठवर पोचता येतं ते बघू.