मदत हवी आहे: कनू ट्रिपसाठी चार रात्रींचा शाकाहारी शिधा (मध्ये एक श्रावणी सोमवार)

नमस्कार मंडळी,

ऑगस्टमध्ये कॅनडातल्या अल्गॉन्क्विन पार्कला कनू (वल्ह्याची अरुंद होडी) ट्रिप ठरली आहे. चार रात्री, दोन कनू आणि चौघं जण: मी, बायको, पुण्याहून येणारा मेहुणा आणि त्याची चौदा वर्षांची मुलगी. कनू लेकवरून निघायचं, जो लेक, बर्न्ट आयलंड लेक करत ऑटरस्लाइड लेकपर्यंत जायचं आणि त्याच वाटेने परत. (कनू लेक म्हणजे तेच, जिथे १९१७ साली टॉम थॉमसन या चित्रकाराचा मृत्यू झाला. मेहुण्याला हे अजून सांगितलेलं नाही.) परमिट, नकाशा, कनूचं भाडं सगळं बायकोने उरकलंय. खाण्याचं खातं माझ्याकडे आलंय आणि तिथे घोडं अडलंय.

ज्यांनी हा प्रकार केला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दोन तळ्यांच्या मध्ये जमीन आली की कनू डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन चालायचं, त्याला पोर्टेज म्हणतात. कनू लेक ते जो लेक हे २९५ मीटरचं आहे, ते हसतखेळत होईल. पण बर्न्ट आयलंडच्या पुढचं पाऊण किलोमीटरच्या घरात आहे. सगळं सामान एका खेपेत नेता आलं नाही तर अर्धं नेऊन ठेवा, रिकाम्या हाताने परत या, उरलेलं न्या, म्हणजे चाल तिप्पट. तेव्हा 'असू दे, लागेल' म्हणून टाकलेली प्रत्येक पुडी नंतर खांद्याला आठवते.

दुसरं म्हणजे आतल्या भागात खाण्यापिण्याच्या वस्तूंचे पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे. त्यामुळे नारळाच्या दुधाचा डबा, छोल्यांचा डबा, लोणच्याची बरणी सगळं बाद. पुन्हा वापरता येणारे प्लास्टिकचे डबे चालतात, असं मी नियमांत वाचलंय. तिसरं, काळी अस्वलं. रात्री खाण्याचं सगळं सामान झाडाला टांगायचं, त्यात टूथपेस्टसुद्धा. आमच्याकडे भाड्याचा ६० लिटरचा निळा पिंप असेल. सगळा शिधा त्यातच बसायला हवा, कारण दुसरा पिंप उचलायला माणूस नाही.

मी हिशोब केला तो असा. वल्हवायचं आणि ओझी वाहायची म्हणजे माणशी दिवसाला तीन हजारांच्या आसपास कॅलरी धरल्या, कोरड्या सामानात त्या साधारण ७०० ग्रॅममध्ये बसतात. पहिल्या दिवशीची न्याहारी घरी आणि शेवटच्या दिवशीचं रात्रीचं जेवण परतीच्या वाटेवर, हे वगळूनही बारा किलोच्या वर जातंय. भात माणशी १०० ग्रॅम तांदळाचा धरलाय. भाची त्यापेक्षा जास्त खाते, पण तिच्यासाठी मॅगी वेगळी आहेच.

आतापर्यंत जमलेलं: पहिल्या दुपारी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. पहिल्या रात्री घरून गोठवून नेलेली मटार-पनीरची भाजी. ती वितळेपर्यंत मुक्कामी पोचू, आणि तोवर लोण्याला थंड ठेवेल. पुढचे नाश्ते पोहे आणि उपमा. उपम्याचा रवा घरीच मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन भाजून न्यायचा, तिथे फक्त उकळतं पाणी. दुपारी चूल मांडायचीच नाही, तॉर्टियात मेतकूट-तूप नाहीतर पीनट बटर गुंडाळायचं. पोळ्या करून नेल्या तर तिसऱ्या दिवशी त्यांचं काय होतं ते सांगायला नको.

आता अडचणी.

पहिली म्हणजे रात्रीची जेवणं. रोज खिचडी म्हणजे घरात बंड होईल. वरण-भात, आमटी, उसळ यांतलं काही घरी वाळवून नेता येतं का? कुणी केलंय का? आमच्याकडे डिहायड्रेटर नाही, ओव्हन आहे.

दुसरी, मेहुणा श्रावणी सोमवार कडक पाळतो. उपास संध्याकाळी सुटतो, पण दिवसभर वल्हवायचं आहे, आणि सोमवार नेमका त्या लांब पोर्टेजचा आहे. तो म्हणतो, "दाजी, मी चहावर काढतो." मला ते पटत नाही. समोरचा चक्कर येऊन बसला तर कनू मलाच उचलायची आहे. साबुदाणा भिजवून न्यायचा विचार होता, पण पिंपात भिजलेला साबुदाणा ही कल्पनाच करवत नाही. शिवाय तो महिनाभर कांदा-लसूण खात नाही. सगळ्यांचंच कांदा-लसणाशिवाय करावं का?

तिसरी, हिंग. मला फोडणी सोडवत नाही. अस्वलाचं काय?

गॅसची एकच शेगडी आहे, वर स्क्रू करायच्या डब्याची. आगीवर बंदी लागली तर लाकडावर काही करता येणार नाही, म्हणून सगळं या एका शेगडीवर बसवतोय. २३० ग्रॅमचे दोन डबे पुरतील का?

आगाऊ आभार.

---

प्रतिसाद

बाजारात तयार पाकिटं मिळतात ती घ्या की. दाल मखनी, पालक पनीर, राजमा. गरम पाण्यात बुडवली की झालं. एवढा खटाटोप कशाला?

---

प्रतिसाद

वरच्यांना: ते एक पाकीट ३०० ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्यात बहुतेक पाणीच. चार जणांना रात्रीला तीन-चार पाकिटं, म्हणजे तळ्याने वेढलेल्या जागी किलोभर पाणी पाठीवर वाहून न्यायचं. वर रिकामी, तेलकट, वासाची पाकिटं शेवटच्या दिवसापर्यंत सांभाळायची. एका रात्रीसाठी ठीक, चारसाठी नाही.

धागाकर्ते, आमटी ओव्हनमध्ये वाळते. मसूर किंवा मूगडाळ शिजवून अगदी घोटून घ्या, मीठ-मसाला त्यातच, पण तेल-तूप अजिबात नको. स्निग्ध पदार्थ वाळत नाही आणि खवट होतो, फोडणी तिथे जाऊन करायची. बेकिंग कागदावर पातळ पसरा, ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर ठेवा आणि दाराला लाकडी चमचा अडकवून फट राहू द्या. इथले बरेच ओव्हन ७५ अंशांच्या खाली जात नाहीत, त्यामुळे दर तासाला डोकावायचं, कडा करपायला लागतात. वाळली की कडक पापुद्रे सुटतात, बोटात दाबले की कटकन मोडायला हवेत. वाकले तर परत आत. मिक्सरमधून जाडसर फिरवून पिशवीत भरा, आणि ट्रिपच्या दिवसापर्यंत फ्रीझरमध्ये. टोमॅटोची प्युरे आंबापोळीसारखी वाळवायची, मग हवा तेवढा तुकडा तोडून आमटीत टाकायचा.

तिथे गेल्यावर गार (गाळलेल्या) पाण्यात अर्धा तास भिजत ठेवा, मग शेगडीवर चढवा. गॅस निम्मा लागतो. उसळींत मटकी आणि मूग ठीक. अख्खा राजमा आणि छोले वाळवून परत नीट मऊ होत नाहीत, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

---

प्रतिसाद

पिठलं कसं विसरलात? बेसन घरी कोरडंच खमंग भाजा, त्यात तिखट, हळद, जिरेपूड, मीठ मिसळून पिशवीत भरा. जागेवर फोडणी, पाणी, पीठ, दहा मिनिटांत पिठलं-भात. माणशी ४० ग्रॅम पीठ पुरतं. कांदा नसला तरी अडत नाही, हिरव्या मिरच्या चार दिवस सहज टिकतात. फक्त भांडं लगेच भिजवा. खरवड खाऊन घ्या, उरलेलं तळ्यात धुऊ नका, पाण्यापासून लांब नेऊन घासा. बेसन वाळलं की दगड होतो आणि तुम्ही तिथे काथ्या घेऊन बसणार नाही आहात.

कांदा-लसूण सगळ्यांचंच वगळा. एक शेगडी, दोन भांडी आणि त्यात दोन वेगळ्या फोडण्या करत बसाल तर अंधार पडेल.

---

प्रतिसाद

सोमवारासाठी भगर. भिजवायला लागत नाही, पंधरा मिनिटांत शिजते. ब्रॅम्प्टन-मिसिसागाच्या कुठल्याही गुजराती दुकानात मोरयो म्हणून मागा. सकाळी जिरं-मिरची घालून भगर, वर दाण्याची आमटी. दाण्याचं कूट, आमसूल, गूळ, जिरेपूड असं कोरडं मिश्रण घरूनच बांधून न्या, पाण्यात उकळलं की तयार. त्यांच्याकडे तूप चालतं ना? मग सढळ हाताने घाला, तीच खरी ताकद.

दुपारी पोर्टेजवर राजगिऱ्याचे लाडू, खजूर, केळ्याचे वेफर्स, दाण्या-गुळाची वडी. एक बारीक गोष्ट: गुळाची वडी ऑगस्टमध्ये पाझरते, प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये वेगळी गुंडाळा. आणि तुमचे मेहुणे साधं मीठ खातात की सैंधव ते आत्ताच विचारा, तिथे तळ्याकाठी कळून उपयोग नाही.

रात्री उपास सोडताना गोड हवं. शेवया तुपात भाजून न्या, दूध पावडर आणि साखर एका पुडीत. खीर दहा मिनिटांत होते.

---

प्रतिसाद

अस्वलाबद्दल. त्याला हिंग आणि बार्बेक्यू चिप्स यांत फरक वाटत नाही, वास म्हणजे वास. तुम्ही फोडणी खुशाल करा, पण तंबूपासून लांब, आणि ज्या कपड्यांत स्वयंपाक केला ते घालून झोपू नका. निळा पिंप हवाबंद असतो, अस्वलबंद नसतो. हा गैरसमज फार आहे. तोही टांगायचा: जमिनीपासून चार मीटर वर, खोडापासून दोन मीटर लांब. ६० लिटरचा भरलेला पिंप टांगणं म्हणजे दोघांचं काम, आणि नीट फांदी शोधायलाच अर्धा तास जातो. हे अंधार पडायच्या आत करा. पहिल्या रात्री हमखास उशीर होतो, म्हणून पहिल्या दिवसाचं जेवण सगळ्यात सोपं ठेवा. तुमचं मटार-पनीर त्या दृष्टीने बरोबर आहे.

पिंप भरताना दिवसाप्रमाणे पिशव्या करा, शेवटचा दिवस तळाला. नाहीतर चहा पावडर शोधायला रोज सगळा पिंप उपसाल. चहा-साखर, मीठ, तेल, तिखट ही एकच वेगळी पिशवी सगळ्यात वर.

गॅस: वारा नसेल आणि झाकण ठेवलं तर लिटरभर पाणी उकळायला १५ ग्रॅमच्या आसपास जातो. पण तुम्ही भात शिजवणार, चार जणांचा चहा दोनदा करणार. दोन डब्यांत ओढाताण होईल, तिसरा घ्या. प्यायचं पाणी उकळून घेणार असाल तर अजून एक. त्यापेक्षा फिल्टर न्या. तळ्यात बीव्हर असतात, पाणी दिसायला नितळ असलं तरी जिआर्डियाचा (पोट बिघडवणाऱ्या परजीवी जंतूचा) धोका असतो.

---

प्रतिसाद

मॅगी माणशी दोन पाकिटं जास्त ठेवा. सगळे 'भाचीसाठी' म्हणतात आणि तिसऱ्या दिवशी पाऊस लागला की सगळेच खातात.

---

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: दुसऱ्या रात्री पिठलं-भात, सोमवारी संध्याकाळी मुगाची वाळवलेली आमटी, भात आणि शेवयांची खीर, शेवटच्या रात्री मटकीची उसळ आणि तॉर्टिया. कांदा-लसूण सगळ्यांना बंद. बायको म्हणाली, घरी आल्यावर बघू. मेहुण्याला फोन केला, सैंधवच लागतं, बरं झालं विचारलं. भगर म्हटल्यावर "चहावर काढतो" हे बंद झालं.

आमटीचा पहिला घाणा आत्ता ओव्हनमध्ये आहे. कडा खरंच करपतायत, मधला भाग अजून चिकट. कागद फिरवून ठेवलाय.

एकच राहिलं. तूप आणि तेल कशात न्यायचं? ऑगस्टच्या उन्हात तूप पातळ होणार, आणि कनूत पिंप आडवा ठेवावा लागतो असं बायको म्हणते.

---

प्रतिसाद

रुंद तोंडाची प्लास्टिकची स्क्रूच्या झाकणाची बाटली, ट्रेकिंगच्या दुकानात मिळते तीच. तीन चतुर्थांशच भरा, झाकणाखाली पिशवीचा तुकडा ठेवून आवळा, आणि दोन्ही बाटल्या मिळून एका झिपच्या पिशवीत. त्या आधी घरी रात्रभर उलटी करून सिंकमध्ये ठेवून बघा.