मदत हवी आहे : वायरलेस कीबोर्ड-माउस मध्येच गायब होतात

नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापुरात राहतो. घरच्या डेस्कटॉपवर बायकोचं चादरी-टॉवेलचं बिलिंग चालतं. पंधरा दिवस झाले, कीबोर्ड-माउसने वैताग आणलाय. काल तिने '५०' दाबलं तर पडद्यावर ५००००००! गिऱ्हाईक समोरच होतं, हसून हसून बेजार. माउसचा बाण तर सरकता सरकता थिजतो.

सेल बदलले. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबची (सगळे यूएसबी पोर्ट जिथे जोडलेले असतात तो) वीज वाचवायची टिकही काढली. डोंगल (कीबोर्ड-माउसचा सिग्नल पकडणारी छोटी यूएसबी कांडी) मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात आहे, खेटूनच बाहेरची हार्ड डिस्क. बॅकअप लावला की त्रास हमखास वाढतो. डोंगल २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतो आणि यूएसबी ३.० चा गोंगाट त्याच पट्ट्यात येतो, इथपर्यंत कळलं. पण डिस्क काढूनही दिवसातून दोनदा होतंच. आणि परवा वायरवाला जुना माउस लावला, तर तोही 'टिंग' वाजवून गेला आणि परत आला. इथेच माझं डोकं चालेना.

दुकानदार थेट मदरबोर्ड बदला म्हणतो (त्याचं काय जातंय!). आधी यूएसबी एक्स्टेंशनने डोंगल टेबलावर आणू, की एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) तपासून घेऊ? कुणाला असा अनुभव आलाय का?