प्रति: विसरभोळेपणा आणि डोनेपेझिल
विसरायला लागलं की ओपीडीत लगेच डोनेपेझिल (स्मृतिभ्रंशावरची गोळी) लिहितात हे वरचं म्हणणं पटलं, पण माझ्या मते आधीच्या गोळ्या कोणी एकत्र बघत नाही हा त्याहून मोठा घोळ. आमच्या आईला फोंड्याला 5 मिलिग्रॅम सुरू केली, महिन्याने 10, मग लघवी धरवेना म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिली. आता बघा, डोनेपेझिल ॲसिटाइलकोलीन (नसांमधले निरोप पोचवणारं रसायन) टिकवते नि ऑक्सिब्युटिनिन त्याचंच काम अडवते, आणि लघवीचा त्रास मुळात पहिल्या गोळीनेही होऊ शकतो!

म्हापशाच्या मावशीने सगळ्या स्ट्रिपा पिशवीत भरून न्यायला लावल्या (फार्मसीवाल्यापेक्षा तीच हुशार) तेव्हा तिसऱ्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. बी 12 आणि थायरॉइड कमी असलं तरी विसरायला होतं, पण ते तर तोवर कोणी तपासलंच नव्हतं.