रोज एक हायकू: साधना की चहासोबतची चैन?

बालाघाटकर: या चर्चामंचावरील एका सदस्येने लिहिले आहे की, सकाळच्या चहासोबत रोज एक हायकू, म्हणजे तीन ओळींची छोटी जपानी धाटणीची कविता, लिहिल्यास मन निवांत होते आणि त्यासाठी सतरा अक्षरे जुळवण्यापलीकडे काही लागत नाही. जपानी हायकूकार बाशो १६८९ साली उत्तरेच्या खडतर प्रवासाला निघाला, त्याच परंपरेतला शिकी क्षयाने अंथरुणाला खिळूनही लिहीत राहिला, आणि आपण त्याच प्रकाराला मनःशांतीचा काढा ठरवतो, याची चीड येते. जपानी परंपरेत हायकूला ऋतूचा निर्देश लागतो. आपल्याकडे मात्र लातूरच्या मे महिन्यात चेरीचा बहर गळतो!

गोदाकाठची: ते मीच लिहिले होते. चेरी नको, हे मान्य. परंतु रोज लिहिणे ही चैन कशी? हायकूकार इस्सा शेतकऱ्याच्या घरातला होता. आमची आजी परभणीकडची. पहाटे जात्यावर बसली की त्या दिवसाची ओवी तिला त्या दिवशीच सुचे. तिला फुरसत होती, असे म्हणण्याचे धाडस आपण करणार आहात काय?

निवृत्त गुरुजी: ओवी आणि हायकू यांची गल्लत करू नये. मुळात तीन ओळींतला पाच-सात-पाच हा हिशेब आपल्या अक्षरांचा नव्हेच. जपानीत दीर्घ स्वराच्या दोन मात्रा धरतात, त्यामुळे ‘तोक्यो’ आपल्याला दोन अक्षरांचे वाटले तरी तेथे ते चार मात्रांचे भरते. लघु-गुरू पाठ असलेल्या मराठी माणसाने मात्रा सोडून अक्षरे मोजावीत, हे मला अनाकलनीय आहे.

गोदाकाठची: गुरुजी, मराठीत हायकू रुजवणाऱ्या शिरीष पै यांनीही ही मोजणी बंधनकारक मानली नव्हती. तरीही आपल्या समाधानासाठी नव्हे, तर बालाघाटकरांच्या ऋतूसाठी हे घ्या:

मृग कोरडा
चाड्यावरची मूठ
तशीच बंद

बालाघाटकर: अक्षरे बसली, अभिनंदन. पण आमच्या गावात पेरणी ट्रॅक्टरने होते. चाड्यावरची, म्हणजे तिफणीत बी सोडणारी, मूठ आपण शेवटची कधी पाहिली? चेरीच्या जागी चाडे आणल्याने उसनवारी संपत नाही.

गोदाकाठची: आमच्या कोरडवाहू तुकड्यात भाऊ आजही बैलांच्या तिफणीने पेरतो. दुबार पेरणीच्या वर्षी बियाणे उधार मागायला मी त्याच्यासोबत गेले होते. उसनवारी म्हणजे काय, हे आपण मला शिकवू नये.

निवृत्त गुरुजी: वैयक्तिक होऊ नये. मात्रांचा प्रश्न अनुत्तरित आहे.

एळवसप्रेमी: मात्रा राहू द्या. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नक्षत्रे, पोळा आणि आमच्या लातूर-धाराशिवकडची, शेतात साजरी होणारी वेळ अमावास्या, एवढी ऋतूची सामग्री हाताशी असताना कुणी ती वापरत का नाही? त्या दिवशीची भज्जी आणि आंबील म्हटले की हिवाळा वेगळा सांगावा लागत नाही. अर्थात नांदेडकरांना त्या सणाचे उंडे ठाऊक नसतात, हा भाग वेगळा.

नांदेडकर: देगलूरकडे येऊन पाहावे, मग बोलावे. वेळ अमावास्या कुणाच्या मालकीची नाही.

बालाघाटकर: तिफणीचा मुद्दा मागे घेतो; ती ज्याच्या शेतात चालते त्याने लिहावी. चहाचा मुद्दा मात्र घेणार नाही. रोज लिहायचेच असेल तर लिहा, परंतु त्या दिवशी काही पाहिले नसेल तर कृपया इथे टाकू नका.

गोदाकाठची: आपली परवानगी मागितली कुणी? उद्याचा हायकू इथेच टाकणार आहे, आणि तो चहावरच असेल.