कोरियन फुटबॉलमध्ये सॉन मोठा की पार्क? (टेबल टेनिसवाल्यांनी वेगळा धागा काढा)

गोलपोस्ट: काल इथे एकाने लिहिलं, ‘सॉन ह्युंग-मिन म्हणजे गोड हसू आणि जाहिराती. खरा कोरियन खेळाडू पार्क जी-सुंग.’ डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. २०२१-२२ ला प्रीमियर लीगमध्ये २३ गोल, सालाहच्या बरोबरीने गोल्डन बूट (सर्वाधिक गोलांचा पुरस्कार), आणि त्यात एकही पेनल्टी नाही. बर्नलीविरुद्ध आपल्याच बॉक्सपासून बॉल घेऊन सुटला तो गोल मारूनच थांबला, त्याला वर्षातल्या सर्वोत्तम गोलचा पुस्कास पुरस्कार मिळाला. हे सगळं हसून झालं का?

कट्टेकरी: ते लिहिणारा मीच. नाव घेऊन बोला की! स्पर्समध्ये (टॉटनहॅम, त्याचा लंडनचा क्लब) दहा वर्षांत जिंकली एकच युरोपा लीग, आणि त्या फायनललाही साहेब बेंचवरून आले. पार्ककडे मँचेस्टर युनायटेडची चार लीग पदकं आहेत. २०१० ला मिलानविरुद्ध त्यांच्या पिर्लोला असा चिकटला की बिचाऱ्याला बॉल मिळेना. पण दुसऱ्याचा खेळ बिघडवणाऱ्याचं पोस्टर कोण लावतं?

गोलपोस्ट: आणि २००८ च्या मॉस्कोतल्या चॅम्पियन्स लीग फायनलला युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसनने पार्कला बेंचवरही बसवलं नाही, ते सोयीस्कर विसरलात.

जुनाखेळाडू: तुमचं दोघांचं चालू द्या. चा बुम-कुन नावाचा माणूस होऊन गेला. जर्मनीच्या बुंडेसलीगात ९८ गोल, फ्रँकफर्ट आणि लेव्हरकुसेन दोघांना यूएफा कप. तेव्हा इन्स्टाग्राम नव्हतं, हाच त्याचा गुन्हा.

रातपाळी: सॉनच्या लोकप्रियतेचा त्रास कोरियन संघातल्या ली कांग-इनला विचारा. २०२४ च्या आशिया कपात सेमीफायनलच्या आदल्या रात्री टेबल टेनिसवरून दोघांची बाचाबाची, सॉनचं बोट निखळलं, दुसऱ्या दिवशी जॉर्डनकडून २-० ने हरले. अख्खा देश त्या २२ वर्षांच्या पोरावर तुटून पडला. शेवटी लंडनला सॉनकडे जाऊन माफी मागावी लागली.

कट्टेकरी: मोठ्यांचा मान ठेवायला नको का?

रातपाळी: मान? मी रांजणगावला एका कोरियन कंपनीत होतो. कँटीनमध्ये मोठे साहेब उठेपर्यंत कुणी उठायचं नाही. आमटी वाळून ताटाला चिकटायची, आम्ही आपले बसून. तिकडे बस चुकायची.

सोनचाफा: त्यासाठी कोरियन साहेब कशाला लागतो? आमच्या ऑफिसात मराठी साहेब आहेत, केबिनचा दिवा विझेपर्यंत कुणाची पिशवी हलत नाही. आणि सॉनने नंतर ‘याला माफ करा’ म्हणून लीबरोबरचा फोटो टाकला, ते का गाळलंत?

रातपाळी: माफ करणारा मोठा आणि मागणारा लहान, हेच तर म्हणतोय!

कट्टेकरी: धागा फुटबॉलचा आहे की तुमच्या आमटीचा?

गोलपोस्ट: खरंच, पुरे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोरियाच्या सोल शहरात सॉन न्यूकॅसलविरुद्ध स्पर्सकडून शेवटचं खेळला. मैदानाबाहेर येताना न्यूकॅसलचे खेळाडूही रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि हा ढसाढसा रडत होता. आपल्या कोरियाच्याच किम मिन-जेने नापोलीला सेरी आ (इटलीची लीग) जिंकून दिली, तरी त्याच्यासाठी असं स्टेडियम भरेल? डिफेंडर ना बिचारा.

कट्टेकरी: बरं बाबा, सॉन लोकप्रिय. माझ्या भाच्यालाही त्याचाच ७ नंबर हवा होता, पैसे मीच भरले. पण लोकप्रिय आणि मोठा यात फरक असतो. चार पदकांचं काय, ते बोला.

जुनाखेळाडू: आणि ९८ गोलांचं?