प्रवासात गाडीचा बेल्ट तुटला तेव्हा काय केलंत? अनुभव लिहा

पाऊस ओसरला की स्कूटर घेऊन कोकणात उतरणारे वाढतात. मीही त्यातलाच. गिअरलेस स्कूटरवर लांब जाऊ नये, हे मला मुळीच पटत नाही. पण पंक्चरचा जेवढा विचार होतो तेवढा बेल्टचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकाकडे नेणाऱ्या रबरी पट्ट्याचा, होत नाही. पंक्चरवाला कुठेही सापडतो. बेल्ट मात्र प्रत्येक मॉडेलचा वेगळा, आणि तुटला तर रस्त्यात जोडता येत नाही.

माझा बेल्ट ताम्हिणीत गेला. फटकन आवाज आला, इंजिन एकदम भरारलं आणि गाडीचा वेग पडत गेला. इंजिन चालू, रेस दिली की आवाज वाढतो, चाक मात्र फिरत नाही. ही खूण लक्षात ठेवा, प्लग आणि पेट्रोल तपासण्यात वेळ जाणार नाही. माणगावकडे जाणाऱ्या एका छोट्या हत्तीवाल्याने स्कूटर मागे चढवून घेतली. पैसे घ्यायला तयार नव्हता, आग्रह करून दिले. तुमच्यावर असा प्रसंग आला असेल तर सविस्तर लिहा. कोणता घाट, काय तुटलं, मदत कशी मिळाली, सगळं.

कोल्हापूरहून

वेंगुर्ल्याहून परतताना, आंबोलीच्या चढावर. मागे आई बसली होती. दाणोली सोडल्यापासून पिकअप कमी वाटत होता, जळक्या रबराचा वासही येत होता. पुढच्या वळणांवर बेल्ट गेला. दोन मुलं थांबली, म्हणाली, "ताई, टोचन करून वर नेतो." मी नको म्हटलं. चढावर, धुक्यात, मागून पाय लावून ढकलत नेणं मला धोक्याचं वाटलं. आईला एसटीने आंबोलीत पाठवलं. कंडक्टरकाकांनी स्वतःची सीट दिली तिला. मी गाडी उलटी फिरवून उतारावरून हळूहळू दाणोलीपर्यंत आणली. बेल्ट नसला तरी चाक मोकळं फिरतं, त्यामुळे हे जमतं. फक्त इंजिनची ओढ अजिबात मिळत नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक गार व्हावेत म्हणून मी मधे मधे थांबत होते.

कणकवलीहून, गॅरेजवाला

मुंबई-गोवा महामार्गावरच्या अशा गाड्या आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून जरा जास्त लिहितो.

बेल्ट साधारण 20 ते 25 हजार किलोमीटरला बदलायचा असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. डबल सीट, सामान आणि घाट असं कायम असेल तर त्याआधीच कव्हर उघडून बघावा. खाचांच्या तळाशी चिरा दिसल्या की काढून टाका. बेल्टला तेल लागलेलं दिसलं तर नवा घालून भागणार नाही, आधी ऑइल सील, म्हणजे तेल गळू न देणारी रबरी कडी, बदलायला हवं.

बेल्ट पुढच्या आणि मागच्या अशा दोन पुलींवर फिरतो, प्रत्येक पुली दोन तबकड्यांची. जुना तुटला की त्याचे दोरे मागच्या पुलीच्या शाफ्टला (दांड्याला) गुंडाळले जातात. ते सगळे काढल्याशिवाय नवा चढवू नये. बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवायचा. आता सगळ्यात महत्त्वाचं. मागच्या पुलीच्या तबकड्या फाकवून बेल्ट आत खोल दाबायचा, म्हणजे पुढे ढील मिळते. ही ढील न देता पुढच्या पुलीचा नट आवळला, तर बेल्ट पुलीत चिमटतो, नट घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि काही किलोमीटरवर सैल होतो. मग शाफ्टचे आटे नाहीतर खाचा जातात आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो. घाईत बसवून दिलेल्या अशा गाड्या मी पाहिल्यात. मेकॅनिकला हे विचारायला लाजू नका.

साताऱ्याहून

माझी गाडी चेनची. पसरणी घाटात चेन तुटली. सीटखाली जादा चेन लॉक (चेनची दोन टोकं जोडणारी कडी) आणि पक्कड होती, अर्ध्या तासात रस्त्याला लागलो. लॉकच्या क्लिपची बंद बाजू चेन ज्या दिशेने धावते तिकडे ठेवा.

कोलोरॅडोहून

माझ्या मोठ्या क्रूझर मोटरसायकलला मागच्या चाकासाठी दातेरी बेल्ट आहे. आवाज नाही, तेल घालणं नाही, मला तो फार आवडतो. पण खडीच्या रस्त्यावर बेल्ट आणि मागच्या पुलीच्या मधे खडा सापडला आणि आरपार भोक पडलं. तेव्हा काही कळलं नाही. पुढे मोनार्क पास या घाटाच्या चढावर, 3,400 मीटरच्या आसपास, बेल्ट तुटला. सोबत नवा असता तरी तिथे बसवता आला नसता. हा बेल्ट अखंड असतो, त्यासाठी मागचा स्विंगआर्मच, म्हणजे मागचं चाक धरणारा सांगाडा, काढावा लागतो. टो ट्रकने सलायडाला गेलो. आता खडीचा रस्ता संपला की दिवा घेऊन बेल्टची पूर्ण फेरी तपासतो.

नाशिकहून

काढलेला जुना बेल्ट जादा म्हणून जवळ ठेवला तर चालतो का?

कणकवलीहून, गॅरेजवाला

चालतो, चिरा नसतील तर. पुढच्या गावापर्यंत नेईल. मात्र करकचून दुमडून डिकीत कोंबू नका, आतले दोरे तुटतात. सैल गोल ठेवा, पेट्रोल-ऑइलपासून लांब, आणि वर मॉडेल नि वर्ष लिहून चिठ्ठी चिकटवा.