ब्रेक्झिटनं ब्रिटनचं नक्की काय झालं?

खारदांडा (धागाकर्ता)

२३ जून २०१६ला ब्रिटनच्या मतदारांनी ५१.९ विरुद्ध ४८.१ टक्क्यांनी युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला. कागदोपत्री ते बाहेर पडले ३१ जानेवारी २०२०ला आणि सामाईक बाजारपेठेचे नियम सुटले त्या वर्षाच्या शेवटच्या रात्री. आता हिशेब मांडायला हरकत नसावी.

माझ्या मते नुकसान झालंय, फक्त ते ठळक बातमी होईल असं नाही. मतदानाआधी ब्रिटिश अर्थखात्यानं भीती घातली होती, की लगेच मंदी येईल आणि पाचेक लाख लोक बेकार होतील. तसं काही झालं नाही, त्यामुळे 'बघा, काय बिघडलं?' म्हणणाऱ्यांचं फावलं. बिघडलं ते सीमेवरच्या कागदांत. डिसेंबर २०२०च्या करारानुसार मालावर जकात शून्य आहे खरी, पण माल कुठे बनला याचा पुरावा लागतो, कस्टमचं डिक्लरेशन लागतं आणि मांस, चीज वगैरे असेल तर सही-शिक्क्याचं आरोग्य प्रमाणपत्र. मोठ्या कंपन्या यासाठी माणसं ठेवतात. छोटा चीजवाला म्हणतो, मरो ते युरोप.

शिंपल्यांचं बघा. वेल्समधल्या मेनाय सामुद्रधुनीतले शिंपले वर्षानुवर्षं जिवंतच युरोपात जायचे आणि तिकडे पोचल्यावर स्वच्छ पाण्यात ठेवून साफ व्हायचे. युनियनचा नियम असा, की 'ब' दर्जाच्या, म्हणजे पुरेशा स्वच्छ नसलेल्या, पाण्यातले जिवंत शिंपले परक्या देशातून येणार असतील तर ते आधीच साफ केलेले हवेत. जानेवारी २०२१मध्ये ब्रिटन परका झाला आणि हा व्यापार ठप्प झाला. इकडेच साफ करून पाठवावेत, तर त्यात त्यांचे टिकायचे दिवस कमी होतात. गंमत म्हणजे हा नियम ब्रिटन सभासद असतानाचाच आहे.

ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी ही ब्रिटनचीच आर्थिक अंदाज बांधणारी सरकारी संस्था धरून चालते, की युनियनमध्ये राहिलं असतं त्यापेक्षा उत्पादकता दीर्घकाळात ४ टक्के कमी राहील. बोला.

मुळामुठा

हे चार टक्के कुणी मोजलेले नाहीत, मॉडेलमधून काढलेत. मध्ये कोविड आला, युक्रेनचं युद्ध आलं, पंतप्रधान लिझ ट्रसबाईंचं बाजार हादरवणारं ते दिव्य मिनी-बजेट आलं. यातून ब्रेक्झिट निवडून वेगळा कसा काढणार? जर्मनी तर युनियनमध्येच आहे. २०२३ आणि २०२४, ओळीनं दोन वर्षं त्यांची अर्थव्यवस्था आक्रसली. त्याचं खापर कुणावर फोडायचं?

आणि मिळालं ते का सांगत नाही? ट्रम्पसाहेबांनी एप्रिल २०२५मध्ये टॅरिफ लावले तेव्हा ब्रिटनला १० टक्के आणि युनियनला २०. युनियनची तडजोड पुढे १५वर झाली. जुलै २०२५मध्ये भारताशी मुक्त व्यापार करारावर सह्या झाल्या. युनियनमध्ये असते तर हा करार लंडनला करताच आला नसता, ते काम ब्रसेल्सचं, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाचं. कोविडची लस तर युरोपच्या आधी टोचायला घेतली.

पण माझा खरा मुद्दा पैशाचा नाहीच. आपले कायदे आपण निवडून दिलेल्या माणसांनी करावेत. १९४७ साली आपल्याकडे कुणी आधी जीडीपी विचारला होता का?

खारदांडा

लसीचं राहू द्या हो. फायझरला २ डिसेंबर २०२०ला ब्रिटननं मंजुरी दिली तेव्हा तिथे युनियनचेच नियम लागू होते, आणि आणीबाणीत देशानं स्वतः मंजुरी द्यायची सोय त्याच नियमांत होती.

भारताशी करार चांगलाच आहे. स्कॉचवरची आपली जकात १५०वरून ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर येणार, तिकडचे लोक खूश. पण ब्रिटिश सरकारचाच अंदाज आहे, की त्यानं त्यांच्या अर्थव्यवस्थेत दीर्घकाळात वर्षाला ४.८ अब्ज पौंडांची भर पडेल. जीडीपीच्या मानानं हे साधारण एक दशांश टक्का! त्यांची चाळीस टक्क्यांहून जास्त निर्यात आजही युनियनमध्ये जाते.

१९४७चा दाखला तर फारच झाला. ब्रिटन वसाहत होता का? युरोपियन संसदेत त्यांचे ७३ खासदार बसत होते.

चिकूवाडी

ब्रेक्झिटवाल्यांच्या प्रचाराच्या त्या लाल बसवरचे आठवड्याचे ३५ कोटी पौंड कुठे गेले ते आधी सांगा. 'युनियनला पाठवतो ते पैसे आरोग्यसेवेला देऊ' म्हणत गावोगाव फिरली होती ना?

मुळामुठा

प्रचार होता तो. आपल्याकडचे जाहीरनामे वाचता का कधी?

ठाणे टू स्लाव

मी प्रत्यक्ष मत दिलेला माणूस, म्हणून लिहितो. २०१६ला मी इथे ब्रिटनमध्ये वर्क व्हिसावर होतो, पासपोर्ट भारतीय. राष्ट्रकुल देशांच्या इथे राहणाऱ्या नागरिकांना त्या सार्वमतात मत होतं. मी 'लीव्ह'ला, म्हणजे बाहेर पडायला, दिलं आणि उद्या पुन्हा वेळ आली तरी तिथेच देईन.

कारण साधं आहे. माझ्या मेव्हण्याला इथे यायचं तर पगाराची अट, इंग्रजीची परीक्षा, व्हिसाची भरमसाट फी. युरोपातला कुणीही बॅग उचलून यायचा. 'लीव्ह'वाल्या मंत्री प्रीती पटेल तेव्हा 'करी हाउस वाचवा' म्हणत फिरत होत्या, की युरोपचा लोंढा थांबला तर आपल्याकडचे आचारी आणता येतील. आचारी काही आले नाहीत, ती थाप निघाली. पण २०२१पासून सगळ्यांना व्हिसासाठी एकच गुणांची पद्धत लागू झाली, शिकून झाल्यावर दोन वर्षं राहून काम करायची सोय परत आली आणि आपली किती मुलं आली बघा. युरोपियनाला जादा मान का?

पेडण्याचा

दादा, तुम्हाला मत होतं हे वाचून हसू आलं. मी २०१२पासून स्विंडनला. आजोबा पोर्तुगीज अमदानीत गोव्यात जन्मले, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट काढता आला. तो काढला की भारताचं नागरिकत्व जातं, ते सोडून इथे वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करतोय. टॅक्स भरतो, पण सार्वमतात मत नाही, कारण आम्ही 'युरोपियन'! आणि युरोपियन जास्त झाले म्हणून ज्या गावांनी 'लीव्ह'ला मत दिलं त्यांत आमचं स्विंडन पण आलं. आता त्यातले निदान काही युरोपियन पेडणे-म्हापशाचे होते, हे कुणाला सांगणार?

माझं स्वतःचं ठीक आहे, सेटल्ड स्टेटस, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळालं. पण त्याचं कार्ड-बिर्ड काही नाही, सगळं ऑनलाइन. घर भाड्यानं घ्यायचं तर मालकाला शेअर कोड पाठवायचा, मग तो त्याच्या कॉम्प्युटरवर माझा फोटो बघणार. धाकट्या भावाचं लग्न २०२२मध्ये झालं, वांधा तिथे झाला. नातं २०२० संपायच्या आधीचं असतं तर वहिनी माझ्या बायकोसारखीच आली असती. आता साधा स्पाउस व्हिसा, त्याला वर्षाला २९,००० पौंड पगार दाखवायला लागतो. फूड फॅक्टरीत पॅकिंग करणाऱ्यानं तेवढा कुठून आणायचा? ती मडगावला, हा इथे.

होंडाचा कारखाना पण २०२१मध्ये गेला. कंपनी म्हणते ब्रेक्झिटमुळे नाही. असेल.

ठाणे टू स्लाव

वहिनींचं वाईट वाटलं. पण ही पगाराची अट आम्हा भारतीयांना २०१२पासूनच आहे, तेव्हा १८,६०० होती. आमच्या बायका थांबल्या तेव्हा कुणी धागा काढला नव्हता.

पेडण्याचा

म्हणजे तुमचं दार बंद होतं, म्हणून आमचं पण लावलं. बरं.

खारदांडा

स्थलांतराचं निघालंच आहे तर, परके कमी होतील म्हणून लोकांनी मत दिलं. जून २०२३पर्यंतच्या वर्षात आलेले वजा गेलेले किती? ९ लाखांच्या वर. ब्रेक्झिटआधी कधी नव्हते एवढे. फक्त पोलंड-रुमानियाच्या ऐवजी भारत आणि नायजेरिया. इंग्लंडमधल्या बोस्टन नावाच्या गावात ७५ टक्क्यांहून जास्त लोकांनी 'लीव्ह'ला मत दिलं होतं. त्यांना हे हवं होतं?

मुळामुठा

नव्हतं. पण हे ज्यांनी केलं त्या हुजूर पक्षाला जुलै २०२४मध्ये लोकांनी घरी बसवलं. आधीच २०२४मध्ये नियम कडक झाले, विद्यार्थ्यांना बायकामुलं आणणं जवळपास बंद झालं, पगाराच्या अटी वाढल्या. मी हेच तर म्हणतोय. निर्णय चुकला की कुणाची मान पकडायची ते आता माहीत आहे. आधी लंडन ब्रसेल्सकडे बोट दाखवायचं आणि ब्रसेल्सला मत देऊन हाकलता येत नव्हतं.

खारदांडा

हा मुद्दा तुमचा सगळ्यात दमदार आहे. आता तो ब्रिटनच्याच ताब्यातल्या उत्तर आयर्लंडला लावा. तिथे ५५.८ टक्के लोकांनी 'राहू' म्हटलं होतं. युनियनमध्येच असलेल्या आयर्लंडच्या सीमेवर पुन्हा चौक्या नकोत म्हणून तिथे मालाचे बरेचसे नियम आजही युनियनचेच चालतात, आणि ते करताना त्यांचा एकही खासदार तिकडे नाही. त्यांनी कुणाची मान पकडायची?

मुळामुठा

त्यासाठी ब्रिटन आणि युनियनच्या २०२३च्या विंडसर करारात स्टॉर्मंट ब्रेक नावाची तरतूद आहे. तिथल्या विधानसभेच्या ३० आमदारांनी मागणी केली तर नवा नियम अडवता येतो.

खारदांडा

डिसेंबर २०२४मध्ये रसायनांच्या लेबलांच्या नियमावर आमदारांनी तशी मागणी केली होती. महिन्याभरात लंडननंच ती फेटाळली.